मेलेलं इंजिन भंगारात घालू नका, आणि इतर चुका

महिन्यातून दोन तरी फोन येतात. "काका, जीपचं इंजिन पाहिजे होतं." कुठली जीप? "विलीज." विलीज म्हणजे कुठली? पलीकडं शांत. मग, "थांबा, फोटो पाठवतो." फोटोत जाळी, दोन हेडलाइट, आणि बॉनेटवर कोपर टेकून काळ्या चष्म्यातले मालक. बॉनेट उघडून फोटो काढावा असं कुणालाच सुचत नाही.

माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर गेलं आणि रविवार जुन्या गाड्यांत. निपाणीपासून खानापूरपर्यंतची मंडळी इंजिनापायी पैसे घालवतात आणि मग माझ्याकडं येतात. आधी आले तर चहा पाजतो. नंतर आले तर बोलणी खातात. ती बोलणी एकदाच इथं लिहून टाकतो.

आपल्या गाडीत काय आहे हेच माहीत नसणं

विचारलं की आरसी बुक पुढं करतात. आपल्या भागातल्या जुन्या आरसीवर फार विसंबू नका. गाडी घेतली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात, १९५६ पासून म्हैसूर राज्यात, १९७३ ला त्याचंच कर्नाटक झालं. मधे पुस्तक फाटलं, दुसरं निघालं, हातानं नंबर उतरवताना तिनाचा आठ झाला. कुणा आजोबांनी गपचूप इंजिनच बदललं असेल तर त्याचा त्या पुस्तकाला पत्ताही नसतो. डिझेल आणि तारेचा ब्रश घ्या, ब्लॉकवरचा नंबर घासून स्वतः वाचा. मग व्हर्निअर काढा आणि मापं घ्या.

नुसत्या नावावर का जायचं नाही, ते सांगतो. लँडमास्टरला, म्हणजे अँबॅसॅडरच्या आधीच्या गाडीला, १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं, इंजिन होतं. अँबॅसॅडरच्या अगदी पहिल्या गाड्यांनाही तेच. पुढं १४८९ सीसीचं आलं, त्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. आकड्यात फरक तेरा सीसीचा, इंजिन मात्र साफ वेगळं. फियाटचं तर विचारूच नका. इटलीत ११००डी म्हणून जी गाडी निघाली तिचं इंजिन १२२१ सीसीचं, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ७२ मिलिमीटर. आपल्याकडच्या ११००डीला आणि पुढं पद्मिनीला १०८९ सीसीचंच राहिलं, बोअर ६८. नाव एकच बघून परदेशातून ७२ चे पिस्टन मागवलेले एक गृहस्थ टिळकवाडीत आहेत. त्यातला एक पिस्टन त्यांच्या टेबलावर पेनं ठेवायला आहे. बाकीचे तीन कुठं आहेत ते मी विचारलं नाही.

स्वतःचं इंजिन विकून टाकणं

याच्यावर माझा खास राग आहे.

निपाणीकडचा एक पोरगा. आजोबांनी लष्करी लिलावात घेतलेली जीप, महायुद्धातली, विलीजच्याच आराखड्यावर फोर्डनं बांधलेली, म्हणजे ब्लॉकवरचा नंबर जीपीडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होणारा. बॉनेट बुटकं, जाळी पत्र्याची. अशा जीपा आपल्याकडं राहिल्यात किती? बहुतेकांची पेट्रोल इंजिनं काढून लोकांनी डिझेल बसवली आणि पेट्रोलवाली किलोच्या भावानं गेली. या पोराचं नशीब असं की त्याच्या जीपेत मूळचं इंजिन शाबूत होतं. फक्त जाम. वीस वर्षं गोठ्याच्या कडेला उभी, सेल्फ मारला की नुसतं टक्क.

त्यानं काय करावं? "शेडमधी जागा पाहिजे होती" म्हणून इंजिन भंगारवाल्याला दिलं. चार हजार आले. त्याच आठवड्यात त्यानं चाळीस हजाराला दुसरं "विलीजचंच" इंजिन आणलं आणि मला दाखवायला बोलावलं.

ते हरिकेन होतं, विलीजचं नंतरचं इंजिन. आता हरिकेन वाईट इंजिन नाही. त्याच्या जीपेतलं मूळचं इंजिन, गो-डेव्हिल, आणि हे, दोन्ही २१९९ सीसीची, खालचा भाग एकाच घराण्यातला. पण गो-डेव्हिलचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, हेड म्हणजे वरचं नुसतं झाकण. हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, त्यामुळं ते उंच. ते मावावं म्हणूनच विलीजनं सीजे-३बी ला बॉनेट उंच दिलं, आणि महिंद्राची जुनी जीप त्याच घाटाची. हे इंजिन बुटक्या बॉनेटखाली कसं मावणार? बॉनेट चार बोटं वर राहिलं. मिस्त्री म्हणाला, "काय नाही, बॉनेट कापून वर पत्रा मारू." मी म्हटलं, कापायचंच असेल तर आधी मला घरी जाऊ दे.

पुढं आठ महिने गो-डेव्हिल शोधण्यात गेले. मिळालं ते गोकाककडच्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत. बसवताना नवीनच भानगड. पहिल्या गो-डेव्हिलना टायमिंग चेन होती, नंतरच्यांना गिअर. चेनवाल्यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या दिशेनं फिरतो, गिअरवाल्यात उलट. म्हणून कॅम आणि ऑइल पंप एकमेकांना चालत नाहीत. गिरणीतलं इंजिन गिअरवालं, त्याचा पंप कुणीतरी आधीच काढून नेलेला, आणि पोराजवळ आजोबांनी जपून ठेवलेला नवाकोरा पंप चेनवाला. पुन्हा तीन महिने.

जाम झालेलं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. माझी पद्धत सांगतो, पुस्तकात काय लिहिलंय ते बघायला मी जात नाही. प्लग काढायचे, प्रत्येक भोकात अर्धं डिझेल अर्धं गिअरबॉक्सचं पातळ तेल, आणि विसरून जायचं. दोन दिवस नव्हे, पंधरा. रोज थोडी भर. मग फ्लायव्हीलला पहार लावून केसभर पुढं, केसभर मागं. सेल्फ मारायचा नाही, गाडी ढकलून गिअर तर अजिबात टाकायचा नाही, रिंगा तुटतात. साइड व्हॉल्व्हचं इंजिन असेल तर हेड उचलणं अर्ध्या दिवसाचं काम, बोअर डोळ्यांनी दिसतो. नव्या पोरांना पंधरा दिवस निघत नाहीत. आठ महिने शोधत फिरायला मात्र वेळ असतो.

आणि ब्लॉकला खरंच भगदाड पडलेलं असलं तरी इंजिन ठेवा. बेल हाउसिंग, फ्लायव्हील, ऑइल चेंबर, मॅनिफोल्ड, फाउंडेशनचे ब्रॅकेट, डायनामोची पट्टी, हे दुसऱ्या इंजिनाबरोबर येईल याची खात्री नसते. मी इंजिन शोधायला बाहेर पडताना जुन्या ब्लॉकच्या मागच्या तोंडाला, जिथं गिअरबॉक्स जोडतो तिथं, ग्रीस फासून पुठ्ठ्यावर छाप घेतो, बोल्टची भोकं कापतो आणि तो पुठ्ठा गाडीत टाकतो. भंगाराच्या ढिगात तो पुठ्ठा इंजिनाला लावला की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. भंगारवाले हसतात. हसू दे.

रंग बघून भुलणं

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा लांबवतो.

लँडमास्टरचं इंजिन चिक्कोडी तालुक्यात एका गुऱ्हाळावर असल्याचं कळलं. चरक फिरवायला लावलेलं, चालू. मालक चांगला माणूस, रसाचा तांब्या हातात दिला, इंजिन सुरू करून दाखवलं आणि म्हणाला, "चलो ऐतरी," म्हणजे कन्नडमध्ये चांगलं आहे. ऐतरी खरंच, आवाज झकास. वरून ताजा चंदेरी रंग. अठरा हजार मोजले आणि टेम्पोत टाकून आणलं.

गाडीत बसवल्यावर चौथ्या दिवशी ऑइलची काडी ओढली तर तेल दुधाच्या चहासारखं. ब्लॉक खोलला. व्हॉल्व्हच्या बाजूनं पाण्याच्या कप्प्यात वीतभर चीर, तिच्यात भेगा बुजवायचं सील भरलेलं, त्यावर तो चंदेरी रंग. गुऱ्हाळावर रेडिएटर नसतोच, टाकीचं पाणी फिरवतात. टाकी आटते, इंजिन तापतं, कुणीतरी घाईनं थंड पाण्याची बादली ओततं. बिडाचं ओतीव काम आहे ते, तडकणारच. मालकानं फसवलं असंही म्हणवत नाही. त्याच्या चरकाला तेवढं इंजिन पुरत होतं.

आता मी रंग दिलेलं इंजिन दिसलं की आधी रंग खरवडतो. विकणाऱ्याला राग आला तर व्यवहार तिथंच बंद. संशयाच्या जागी डिझेल चोळायचं, कोरडं पुसायचं, वर शाळेतला पांढरा खडू घासायचा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल दहा मिनिटांत खडूवर काळी रेघ काढतं. घरी आणल्यावर पाण्याची सगळी तोंडं प्लेट आणि रबर लावून बंद करायची, हवा भरून ब्लॉक पाण्यात बुडवायचा, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. चीर सापडली म्हणून लगेच रडूही नका. बेळगाव आणि कोल्हापूर ही ओतकामाची गावं आहेत, बीड सांधणारे हात इथं मिळतात. फक्त ते इंजिन घेतानाच कळलं पाहिजे, म्हणजे भाव त्या हिशेबानं होतो.

बाकीच्या, थोडक्यात

व्हिडिओवर इंजिन चालू बघून आगाऊ पैसे पाठवणं. तापवून ठेवलेलं कुठलंही इंजिन चालू होतं. सकाळी जा, हात लावून गार आहे ना बघा, मग सुरू करायला सांगा.

बोअर न मोजणं. इंग्लिश इंजिनात बोअर वाढवायच्या दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा पायऱ्या. पिस्टनच्या डोक्यावर ४० दिसलं की स्लीव्हचा, म्हणजे आत नवी नळी बसवायचा, खर्च धरूनच बोला.

चोर्ला घाटापलीकडं गोव्यात पोर्तुगीज काळातल्या परदेशी गाड्यांचं सामान अजून निघतं. तिकडची हवा खारट, बाहेरून चकचकीत असलं तरी प्लगच्या भोकातून बॅटरी मारून बघा.

घाई दाखवणं. कन्नड येत नाही म्हणून भाव वाढतो अशी आपल्या लोकांची समजूत आहे. भाव वाढतो तो तुम्ही टेम्पो घेऊनच गेलात म्हणून.

कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं इंजिन बदलायला नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची परवानगी लागते. विकणाऱ्याकडून सहीचं बिल आणि ज्या गाडीचं इंजिन असेल तिच्या आरसीची झेरॉक्स घ्या, नंबरावर पेन्सिल घासून छापही घ्या. नंबर घासलेला किंवा नवा ठोकलेला दिसला तर फुकट दिलं तरी नको. आणि ज्यांना २०२१ च्या नियमांतली व्हिंटेज नोंदणी, ती व्हीए वाली पाटी पाहिजे, त्यांनी हेही ध्यानात ठेवा: पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात पाहिजे, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार केलेला चालत नाही. डिझेल बसवून ती पाटी मागायला गेलेले लोक मी पाहिलेत.

निपाणीच्या पोराची जीप आता चालते. बॉनेट बसतं. नंबर मात्र जीपीडब्ल्यू नाही, आणि तो विषय त्याच्यासमोर कुणी काढत नाही.

फोन करायचाच असेल तर आधी तीन फोटो काढून ठेवा: ब्लॉकवरचा नंबर, मागचं तोंड, आणि डावीकडून पूर्ण इंजिन. चष्मा काढून ठेवला तरी चालेल.