काउन्सिलच्या हिवाळी ड्युटीवर येणाऱ्यांसाठी

मी इंग्लंडमधल्या एका काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, रस्ते विभागात काम करते. सिव्हिल करून इकडे नोकरी शोधणारी मुलंमुली विचारतात, बर्फ पडला की तुम्ही नेमकं काय करता? मी सांगते, निम्म्याहून जास्त काम बर्फाचा कण पडायच्या आधी, कोरड्या रस्त्यावर उरकलेलं असतं.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. दुपारी रस्त्यांसाठीचा खास हवामान अंदाज हातात पडतो आणि ड्युटी ऑफिसरला निर्णय घ्यावा लागतो: आज रात्री मीठ टाकायचं का, किती, कोणत्या रूटवर, गाड्या कितीला काढायच्या. इथे हवेच्या तापमानावर जाऊ नका. बघायचं ते रस्त्याच्या पृष्ठभागाचं. निरभ्र रात्री हवा २-३ अंशांवर असतानाच डांबर शून्याखाली उतरलेलं असतं. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो आणखी आधी गोठतो. पहिल्या हिवाळ्यात रोज स्वतःचा अंदाज वहीत लिहा आणि सकाळी रस्त्यातल्या सेन्सरच्या आकड्यांशी ताडून बघा. मी अशीच शिकले.

मीठ म्हणजे खाणीतलं खडेमीठ. चेशरमधल्या विन्सफर्डला १८४४ साली कोळसा शोधताना त्याचा साठा सापडला. त्यात माती असल्याने ते तपकिरी दिसतं आणि लोकांना वाटतं, वाळूच टाकली. नुसत्या दहिवराला, म्हणजे गोठलेल्या दवाला, चौरस मीटरमागे साधारण १० ग्रॅम पुरतं. बर्फ येणार असेल तर २० ते ४०. पण मीठ टाकलं म्हणजे झालं असं नाही. ते ओलाव्यात विरघळून चाकांखाली मळलं जावं लागतं. म्हणूनच वर्दळ नसलेल्या रस्त्यावर मीठ असूनही पहाटे घसरडं सापडतं. उणे ७-८ च्या खाली तर त्याचा जोर फारच कमी होतो.

सगळ्यात अवघड रात्र भरपूर बर्फाची नसते, तर संध्याकाळी पाऊस आणि मग मोकळं आकाश असण्याची. लवकर टाकलेलं मीठ वाहून जातं आणि उशीर केला तर ओला रस्ता बघता बघता गोठतो. अशा वेळी पाऊस कधी थांबणार यावर सगळा हिशेब.

जोरदार बर्फ सुरू झाला की मीठ एकटं पुरत नाही, गाड्यांना पुढे फाळ लावावा लागतो. आधी टाकलेल्या मिठाचा खरा उपयोग तेव्हा कळतो: बर्फ डांबराला घट्ट धरत नाही आणि फाळाने सरकतो. मुख्य रस्ते, बसचे मार्ग, हॉस्पिटल आणि फायर स्टेशनकडे जाणारे रस्ते आधी. गल्लीबोळ बरेचदा राहूनच जातात. तिथे दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, मधून फाळ जात नाही. स्पीड ब्रेकर असतील तर पातं वर घ्यावं लागतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन येतात तेव्हा जीव तुटतो, पण एक गाडी गल्लीत अडकली तर तिचा अख्खा रूट बंद पडतो. फुटपाथसाठी मग कचरा गोळा करणारी किंवा बागकामाची माणसं फावडी घेऊन उतरतात.

कायदाही माहीत हवा. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं कामही तेच करायचं) गुड्स विरुद्ध ईस्ट ससेक्स काउंटी काउन्सिल या खटल्यात ठरवलं, की रस्त्याच्या देखभालीच्या कर्तव्यात बर्फ हटवणं येत नाही. त्यावर २००३ मध्ये संसदेने हायवेज अॅक्टमध्ये कलम ४१ (१अ) घातलं: जितकं वाजवीपणे शक्य आहे तितकं, बर्फामुळे वाहतूक धोक्यात येऊ द्यायची नाही. ‘वाजवीपणे शक्य’ हे सिद्ध होतं ते नोंदींवरून. निर्णय का घेतला, गाडी कितीला सुटली, कितीला परतली, सगळं त्याच रात्री लिहा. गाडी काढायची नाही असं ठरवलंत तर त्याचं कारण आणखी नीट लिहा.

ड्रायव्हर व्हायचं असेल तर मोठ्या गाड्यांचं लायसन्स आणि हिवाळी कामाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. ऑफिसात आलात तरी मीठ टाकणाऱ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक रूट एकदा फिराच. कुठल्या वळणावर शेतातलं पाणी झिरपून रस्त्यावर येतं, मीठ धुऊन नेतं आणि पहाटे तेवढाच पट्टा काच होतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. नकाशावर ते नसतं. त्या जागा विचारून घ्या आणि हंगाम सुरू व्हायच्या आत रूटच्या कागदावर चढवा.