१७ इंची अलॉय टाकले आणि वळणात गाडी मंदावली: ट्रॅकवर जायच्या आधी या चुका टाळा

आधी माझीच चूक सांगतो. स्विफ्टला कंपनीची १५ इंची चाकं होती, १८५/६५ चे टायर (१८५ ही टायरची रुंदी मिमीत, ६५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ६५ टक्के). पहिल्यांदा ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायला, जायचं ठरलं तसं मी नाना पेठेत तीन दुकानं फिरलो आणि १७ इंची अलॉय चाकं, २०५/४५ टायर असा सगळा सरंजाम करून आलो, कारण डोक्यात एवढंच की रिम मोठं आणि टायर पातळ म्हणजे वळणात गाडी चिकटून जाणार. मग पुण्याहून कोईमतूर, १२०० किलोमीटर, दोन दिवस ड्रायव्हिंग. तिथल्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर पोचल्यावर मित्राची तसलीच स्विफ्ट, चाकं कंपनीचीच, फक्त टायर जरा मऊ कंपाउंडचे, म्हणजे मऊ रबराचे, आणि तो प्रत्येक वळणातून माझ्या आधी बाहेर. फोटो मात्र माझ्या गाडीचे भारी आले.

परत आल्यावर सोसायटीत रद्दीवाला आला होता, त्याच्या काट्यावर दोन्ही चाकं टायरसकट तोलली. त्याला वाटलं भंगारात देतोय, लगेच भाव सांगायला लागला. १५ चं चाक साडेपंधरा किलो, १७ चं २० किलो. म्हणजे चारी मिळून १८ किलो जास्त.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: इंच बघणं, किलो न बघणं

१८ किलो म्हणजे मागच्या सीटवर एक पोतं, त्यात काय एवढं, असं वाटतं ना? पण सीटवरचं पोतं स्प्रिंगच्या वर असतं आणि चाक स्प्रिंगच्या खाली. चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) किंवा उंचवट्यावर आदळून वर उडालं की त्याला परत रस्त्यावर दाबायचं काम स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचं, आणि ते कंपनीने हलक्या चाकाचा हिशोब धरून बसवलेत. जड चाक खाली यायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ टायरवरचा दाब कमीजास्त होत राहतो. वळणात ग्रिप म्हणजे हा दाबच, तो थरथरला की गाडी बाहेर सरकते, तुम्ही स्टिअरिंग अजून वळवता, पुढचा टायर अजून घासतो, आणि मग आपण म्हणतो की च्यायला गाडीच अंडरस्टिअर करते, म्हणजे वळवली तेवढी वळत नाही.

शिवाय मोठ्या रिममध्ये वजन मध्यापासून लांब गेलेलं असतं. फिरवायला किती जोर लागेल हे अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतं, त्यामुळे वळणाआधी ब्रेक मारताना आणि बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर देताना दोन्हीकडे मार. ८०-९० बीएचपीच्या गाडीला ते लगेच जाणवतं.

तेव्हा अलॉय घेताना दुकानदाराला आधी वजन विचारा. बहुतेक जण "हलकंय साहेब" एवढंच सांगतात, सरळ काट्यावर ठेवायला लावा.

मोठं रिम घ्यायचं एक खरं कारण असतं, आत मोठी ब्रेक डिस्क मावायला पाहिजे असते. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १४ इंची चाकं येतात, म्हणजे तिचे ब्रेक १४ इंचीतही मावतात, त्यामुळे ते कारणसुद्धा आपल्याकडे नाही. फॉर्म्युला वनवाले २०२१ पर्यंत १३ इंची रिमच वापरत होते, जाड फुगीर साइडवॉलचे टायर. २०११ ते २०१३ आपल्याकडच्या बुद्ध सर्किटवर ज्या गाड्या पळाल्या त्या सगळ्या १३ इंचीवर. २०२२ ला १८ इंची आलं, पण तिथे टायरचा पूर्ण व्यासही ६७० वरून ७२० मिमी झाला, आणि गाडीच नव्याने डिझाइन झाली. आपण गाडी तीच ठेवून फक्त रिम बदलतो.

पातळ साइडवॉल म्हणजे जास्त ग्रिप, हा गैरसमज

१८५/६५ आर१५ ची साइडवॉल १२० मिमी, २०५/४५ आर१७ ची ९२. कमी उंचीची साइडवॉल कमी वाकते म्हणून स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, आणि ते खरंच मस्त वाटतं, एक्सप्रेसवेवर लेन बदलताना तर आपण म्हणजे कोण असं वाटतं. पण लवकर वळणं वेगळं आणि वळणात टिकणं वेगळं. टिकायचं काम मुख्यतः रबराच्या कंपाउंडचं आणि टायरच्या रुंदीचं. पातळ टायर सुटतो तेव्हा फारशी सूचना न देता सुटतो, जाड टायर आधी किंचाळतो, ढिला पडतो, मग सुटतो. नवशिक्याला हे किंचाळणंच कामाचं.

पैसे मोजकेच असतील तर रिम तेच ठेवून मऊ कंपाउंडचे टायर घ्या. मित्राने तेच केलं होतं, आणि वर मला जेवायला घालायला लावलं.

रुंद टायर अरुंद रिमवर कोंबणं

हे पुण्यात सर्रास बघतो. कंपनीच्याच रिमवर १९५ किंवा २०५ चढवायचा. रिमवर ५जे, ५.५जे असं कोरलेलं असतं, ती इंचात रुंदी. प्रत्येक टायरला ठरलेली रिमरुंदी लागते, १९५/५० आर१५ ला साधारण साडेपाच ते सात इंच. त्याहून अरुंद रिमवर तो फुग्यासारखा बाहेर येतो आणि वळणात साइडवॉल लोळते. अशा वेळी मूळचा १८५ बरा म्हणायची पाळी येते.

पूर्ण व्यासाचा हिशोब न करणं

हिशोब सोपाय, इंच गुणिले २५.४ आणि त्यात साइडवॉल दोनदा मिळवा. १८५/६५ आर१५ म्हणजे ६२१ मिमी, २०५/४५ आर१७ म्हणजे ६१६, जवळपास तेवढंच. १९५/५० आर१५ घेतला, जो ट्रॅकवाल्यांचा लाडका साइज आहे, तर ५७६. म्हणजे ७ टक्के लहान, गिअर आखूड झाल्यासारखे वाटतात, वळणातून बाहेर पडताना गाडी ओढते छान. पण स्पीडोमीटर तेवढाच जास्त दाखवणार आणि गाडी साधारण २२ मिमी खाली येणार. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३, तो उरला १४० च्या आसपास, आणि मग आपल्याकडचे सोसायट्यांनी स्वखर्चाने बांधलेले स्पीडब्रेकर आहेतच. त्यामुळे ट्रॅकचा सेट वेगळा ठेवा, रोजच्याला तो नको.

ऑफसेट

ऑफसेट म्हणजे चाक हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते; हब म्हणजे गाडीचा तो भाग ज्यावर चाक बसतं. रिमवर ईटी आणि पुढे आकडा असतो, तो हाच. आकडा कमी तेवढं चाक बाहेर. समजा ५.५जे ईटी ४५ काढून ७जे ईटी ३८ लावलं, तर चाकाची बाहेरची कड २६ मिमी बाहेर येते. रिकाम्या गाडीत पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवून बघितलं की काही घासत नाही, म्हणून आपण खूश, आणि ट्रॅकवर वळणात बाहेरचं सस्पेन्शन दबलं की टायर मडगार्डला खर्रर्र. स्टिअरिंगला झटकेही जास्त बसतात.

काय होतंय आणि कुठे बघायचं

पुढच्या टायरची फक्त बाहेरची कड खाल्ली गेलीये? हवा कमी आहे किंवा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल, वरचा भाग आत झुकला की उणे) कमी आहे. साध्या गाड्यांचा पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपास असतो, वळणात गाडी एका बाजूला झुकली की बाहेरचा टायर खांद्यावर उभा राहतो, आणि पातळ टायरला हे जास्तच बाधतं कारण त्याची साइडवॉल जुळवून घेत नाही. कॅम्बर बोल्ट टाकून उणे एक-दीड अंशापर्यंत न्या, नंतर टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली ते) परत सेट करायला विसरू नका. हवेसाठी टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा, दोन-तीन लॅप मारून बघा कुठपर्यंत पुसली गेली. साइडवॉलपर्यंत पुसली तर हवा वाढवा, खांदा कोराच राहिला तर कमी करा. आणि हो, गरम झाल्यावर ५-६ पीएसआय सहज चढते, त्यामुळे घरून निघताना भरलेल्या आकड्याला ट्रॅकवर काही अर्थ नाही.

९०-१०० ला स्टिअरिंग थरथरतंय आणि बॅलन्सिंग दोनदा करून झालंय? मधलं भोक बघा. स्विफ्टचा हब ५४.१ मिमी, बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक ७३.१ असतं, मधे ती फट भरणारी हब रिंग नसेल तर चाक मध्यावर बसतच नाही. रिंग स्वस्तात मिळते, माझ्या दुकानदाराने घातलीच नव्हती आणि मला ती मागायची असते हे माहीत नव्हतं.

वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग फिरतो? हे मात्र गमतीत घेऊ नका. बऱ्याचदा कोणीतरी पैसे वाचवायला फक्त पुढे नवीन मऊ टायर टाकलेले असतात आणि मागे चार वर्षांचे कडक झालेले, पुढचं चाक पकडतं, मागचं पकडत नाही, गाडी गोल. चारी टायर एकाच जातीचे टाका. तेवढे पैसे नसतील तर चारी जुनेच राहू द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा, कॅम्बर आणि टायर तिन्ही एकदम बदलून "फरक पडला" म्हणणारे खूप भेटतात, कशाने पडला ते त्यांनाही सांगता येत नाही.

नवीन अलॉयचे नट ५०-१०० किलोमीटरनंतर परत आवळायचे असतात, आणि ट्रॅकवर तर प्रत्येक सेशनच्या आधी, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पान्ह्यावर उभं राहून नाही. आणि नटाची बैठक, म्हणजे त्याचा रिमला टेकणारा भाग, अलॉयच्या बैठकीला जुळते का ते बघा, कंपनीचे नट सगळ्याच अलॉयला चालत नाहीत. कोईमतूरला दुसऱ्या सेशनच्या आधी माझा एक नट बोटाने फिरत होता.