गतीच्या समीकरणांचे सिम्युलेशन लिहिताना या चुका टाळा

गतीची अवकल समीकरणे (बदलाचा दर सांगणारी समीकरणे) कोडमध्ये उतरवताना होणाऱ्या बहुतेक चुकांबद्दल संगणक कोणताही इशारा देत नाही. प्रोग्रॅम सुरळीत चालतो, आलेखही पटण्याजोगा दिसतो, आणि त्यामुळे चूक बराच काळ लपून राहते. म्हणून ज्याचे उत्तर कागदावर काढता येते असा एखादा साधा प्रश्न प्रथम सोडवून पाहावा, असा माझा आग्रह आहे. १ मीटर लांबीच्या लंबकाचा लहान झोक्यांचा आवर्तकाल सुमारे २.०१ सेकंद यायला हवा. तो येत नसेल, तर पुढे जाऊ नये. अनेकदा कारण इतकेच असते की कोन अंशांत दिलेला असतो आणि साइन फंक्शन तो रेडियन समजते. १० रेडियनची साइन ऋण असल्यामुळे तिथे बलाची दिशाच उलटते.

सर्वांत फसवी चूक ऑयलर पद्धतीत होते; या पद्धतीत वेळेचे छोटे तुकडे, म्हणजे पायऱ्या, पाडून प्रत्येक पायरीपुरता बदलाचा दर स्थिर धरतात. त्वरणाचे समीकरण स्थान आणि वेग यांच्या दोन समीकरणांत मोडल्यावर नवे स्थान व नवा वेग दोन्ही जुन्या मूल्यांवरूनच काढले, तर घर्षणरहित स्प्रिंगची ऊर्जा प्रत्येक पायरीला थोडी वाढत जाते. कोनीय वारंवारता १ रेडियन प्रति सेकंद आणि पायरी ०.०१ सेकंद असेल, तर ही वाढ फक्त १.०००१ पट असते, पण १०० सेकंदांत ऊर्जा सुमारे २.७२ पट होते. पायरी निम्मी केली तरी ती १.६५ पट होतेच, म्हणजे केवळ पायरी बारीक करून हा दोष जात नाही. उपाय एका ओळीचा आहे: आधी वेग बदलावा आणि स्थान काढताना तो नवाच वेग वापरावा. मग, पायरी फार मोठी नसल्यास, ऊर्जा खऱ्या मूल्याच्या आसपास किंचित हलते, पण वाढत जात नाही.

चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीत (जिथे एका पायरीत बदलाचा दर चार टप्प्यांत काढून त्यांची भारित सरासरी घेतात) मात्र असे मधेच मूल्य बदलणे ही चूकच ठरते, कारण तिथे चारही टप्पे पायरीच्या सुरुवातीच्या अवस्थेपासूनच मोजायचे असतात. बाह्य बल काळानुसार बदलत असेल, तर मधल्या दोन टप्प्यांत अर्ध्या पायरीनंतरची वेळ द्यावी लागते, हेही पुष्कळदा राहून जाते. तपासणी सोपी आहे: पायरी निम्मी केल्यावर त्रुटी सुमारे सोळाव्या भागावर यावी. ती निम्मी किंवा चतुर्थांशच होत असेल, तर कोड पुन्हा वाचावा. टक्कर किंवा कोरडे घर्षण असेल, तरीही हे प्रमाण बिघडते. तेव्हा टक्करीचा क्षण शोधून पायरी नेमकी तिथे संपवावी.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने लिहिताना एक वेग निरपेक्ष मूल्यात (चिन्ह सोडून) घ्यावा, नाहीतर वस्तू उलट दिशेने जाऊ लागताच रोध तिला ढकलू लागतो.

वेळ दर फेरीला ०.१ मिळवून मोजू नये. दशांश ०.१ संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत अचूक मावत नाही, त्यामुळे दहा बेरजांनंतर १ पेक्षा किंचित कमी उत्तर येते आणि ‘वेळ १ पेक्षा कमी असेपर्यंत’ चालणारे लूप अकरावी फेरी मारते. पायरीचा क्रमांक गुणिले पायरी, अशी वेळ काढावी.

उत्तर अचानक अनंताकडे धावू लागले, तर समीकरणातील सर्वांत वेगवान घटक पाहावा. एखादा घटक सेकंदाला १००० या दराने क्षीण होत असेल, तर साध्या ऑयलर पद्धतीला ०.००२ सेकंदापेक्षा लहान पायरी लागतेच, मग तो घटक आलेखात दिसेनासा झालेला असला तरीही. अशा वेळी अव्यक्त पद्धत, म्हणजे बदलाचा दर पायरीच्या शेवटच्या, अजून अज्ञात मूल्यावरून धरणारी पद्धत, वापरावी.