एव्हिऑनिक्सचा अभ्यास आणि उड्डाणाचे धडे यांचा मेळ कसा घालावा

एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांना विमान चालवायलाही शिकायचे असते, आणि ही दोन शिक्षणे एका वेळी झेपतील का, ही शंका त्यांना पहिल्याच वर्षी सतावू लागते. ती झेपतात, इतकेच नव्हे तर एकमेकांना पूरकही ठरतात. मात्र काय कधी शिकायचे याचा क्रम नीट लावावा लागतो.

शुल्क भरण्याआधी वैमानिकासाठीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंगदृष्टीचा प्रश्न त्यात विशेष महत्त्वाचा आहे. उतरण्याचा उतार दाखवणाऱ्या, धावपट्टीलगतच्या चार ‘पीएपीआय’ (PAPI) दिव्यांपैकी दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर विमान योग्य उतारावर आहे, आणि चारही लाल दिसले तर ते फार खाली आले आहे, हे वैमानिकाला क्षणात ओळखता आले पाहिजे. दृष्टीत दोष असल्यास परवान्यावर मर्यादा येऊ शकते, आणि ते आधी कळलेले बरे. महाविद्यालयाकडेही एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी: विमान-देखभालीच्या परवान्यासाठी त्यांचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का? युरोपीय पद्धतीत एव्हिऑनिक्ससाठी बी-२ हा परवाना असतो, आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला त्यासाठी लागणाऱ्या प्रत्यक्ष अनुभवाची अट बरीच कमी होते.

पहिले वर्ष पूर्णपणे वर्गाला आणि कार्यशाळेला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वायरिंगची आकृती वाचणे, मल्टिमीटर वापरणे, पिन क्रिंप केल्यावर (तारेवर दाबून बसवल्यावर) तिच्या तपासणी-छिद्रातून तारेचे धागे दिसतात की नाही हे पाहणे, सर्किट बोर्डला हात लावण्याआधी मनगटाला स्थिरविद्युत पट्टा बांधणे, या सवयी पहिल्याच वर्षी लागल्या नाहीत तर पुढे लागणे अवघड असते. उड्डाणाचे धडे मात्र कमी अंतराने घ्यावे लागतात, कारण आठवड्यातून एखादाच धडा घेतला तर आधी शिकलेले हातातून निसटते आणि निम्मा वेळ उजळणीतच जातो. म्हणून ते दुसऱ्या वर्षापासून मोठ्या सुट्ट्यांत सलग घ्यावेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांनुसार खासगी वैमानिक परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यात १० तास एकट्याने केलेले असावे लागते. बहुतेकांना किमान तासांपेक्षा जास्त वेळ लागतो, हे गृहीत धरूनच नियोजन करावे.

वर्गातले ज्ञान आकाशात कसे उपयोगी पडते, याचे व्हीओआर (VOR) हे दिशा दाखवणारे रेडिओ केंद्र उत्तम उदाहरण आहे. जमिनीवरचे हे केंद्र ३० हर्ट्झचे दोन संकेत पाठवते. एकाची कला (फेज, म्हणजे लहरीची अवस्था) सर्व दिशांना सारखी असते, तर दुसऱ्याची कला दिशेनुसार बदलते. विमानातला ग्राहक या दोन कलांमधला फरक मोजून आपण केंद्रापासून कोणत्या रेडियलवर, म्हणजे केंद्रातून निघणाऱ्या कोणत्या दिशारेषेवर, आहोत ते ठरवतो. विमानाचे नाक कोणत्या दिशेला आहे, हे त्या साध्या उपकरणाला कळतच नाही. नवशिक्या वैमानिकांचा गोंधळ नेमका येथेच होतो: ते ०९० अंशांचा मार्ग निवडतात, विमान २७० अंशांच्या दिशेने चालवतात आणि उपकरणाच्या सुईच्या मागे वळून मार्गापासून आणखी दूर जातात. ग्राहक प्रत्यक्षात काय मोजतो हे ज्याने कार्यशाळेत पाहिले आहे, त्याला निवडलेला मार्ग आणि विमानाची दिशा जुळती ठेवण्याचा नियम पाठ करावा लागत नाही.

हवेच्या दाबावरून वेग आणि उंची दाखवणाऱ्या पिटो-स्टॅटिक प्रणालीचेही तसेच आहे. बाहेरच्या हवेचा दाब घेणारे स्टॅटिक छिद्र बुजले तर उंचीमापक जागच्या जागी थांबतो, चढ-उताराचा दर शून्य दिसतो आणि वर चढताना वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, कारण आत अडकलेला दाब बाहेरच्या दाबापेक्षा जास्त असतो. चाचणी-संचावर हे एकदा डोळ्यांनी पाहिले की उड्डाणपूर्व तपासणीत ते छिद्र बारकाईने पाहण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या पिटो नळीत तोंडाने फुंकर मात्र कधीही मारू नये. तेवढ्याने वेगमापक निकामी होऊ शकतो.

या ज्ञानाचा एक धोकाही आहे, आणि तो गांभीर्याने घ्यावा. उपकरणांत रस असलेल्या विद्यार्थ्याची नजर कॉकपिटमध्येच खिळून राहते, तर सुरुवातीच्या उड्डाणात ती मुख्यतः बाहेर, क्षितिजावर आणि इतर विमानांच्या शोधात असायला हवी. प्रशिक्षकाने उपकरणे झाकून उडवायला लावले तर नाराज होऊ नये. हवेत बिघाड झाला तरी आधी विमान सांभाळावे, मग दिशा पाहावी आणि त्यानंतरच रेडिओवर बोलावे. बिघाडाचे कारण शोधण्याचे काम जमिनीवरचे आहे. वीज निर्माण करणारा अल्टरनेटर बंद पडला तर अनावश्यक उपकरणे बंद करून बॅटरी वाचवावी आणि जवळच्या विमानतळावर उतरावे. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक प्रशिक्षण विमानांत ठिणगी इंजिनावरच चालणाऱ्या, बॅटरीवर अवलंबून नसलेल्या मॅग्नेटोकडून मिळते, त्यामुळे वीज गेली म्हणून इंजिन थांबत नाही, हे लक्षात असले की मन शांत राहते. उडालेला सर्किट ब्रेकर पुन्हा पुन्हा दाबण्याचा मोह टाळावा, कारण तो वायरिंग जळू नये म्हणूनच उडालेला असतो.

उतरल्यावर दोन्ही शिक्षणांची खरी भेट बिघाडाच्या नोंदीत होते. ‘रेडिओ खराब आहे’ ही नोंद तंत्रज्ञाच्या काहीच कामाची नसते. ‘क्रमांक दोनच्या व्हीएचएफ रेडिओ संचावर ऐकू येते, पण प्रसारण होत नाही, दोन वारंवारितांवर तपासले, हेडसेट बदलूनही फरक नाही, क्रमांक एकचा संच व्यवस्थित’ अशी नोंद केली, तर तंत्रज्ञाचा शोध पहिल्या मिनिटापासून योग्य जागी सुरू होतो. दोष कोठे असावा हे तुम्हाला नक्की कळले असले तरी विद्यार्थी म्हणून पॅनेल उघडू नये. अधिकृत परवानाधारकाने दुरुस्ती तपासून सही केलेली नोंद दिसल्याशिवाय ते विमान पुन्हा उड्डाणासाठी घेऊ नये.