केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी वयसवलत: कोणत्या पदाला किती मिळते आणि कागद कुठे अडतो

केंद्र सरकारच्या नोकरीत असताना कर्मचारी निवड आयोगाची, म्हणजे एसएससीची, पुढची परीक्षा देणारे अनेक जण आहेत. वय तिशीच्या पुढे गेलेले असते आणि ‘खात्यात आहे, म्हणजे सवलत मिळणारच’ या भरवशावर अर्ज भरला जातो. परीक्षा पास होते आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर उमेदवारी जाते. या सवलतीचे नियम अवघड नाहीत, फक्त अर्ज भरण्याआधी एकदा नीट वाचून घ्यायला हवेत.

आधी सवलत कोणाला आहे ते पाहू. ती ‘केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्याला’ आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या लगत आधी किमान ३ वर्षांची नियमित आणि सलग सेवा लागते. यातला प्रत्येक शब्द कोणाला तरी बाहेर ठेवतो. राज्य शासनाचा लिपिक, तलाठी, जिल्हा परिषदेचा शिक्षक केंद्राचा कर्मचारी नाही, त्यामुळे एसएससीत त्याला ही सवलत नाही. राष्ट्रीयीकृत बँक, विद्यापीठ, स्वायत्त संस्था, एलआयसी आणि बीएसएनएलसारख्या कंपन्या यांतले कर्मचारीही यात बसत नाहीत. ग्रामीण डाक सेवकांच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज आहे. काम टपाल खात्याचे असले तरी त्यांच्या सेवानियमांतच ते केंद्राच्या नागरी सेवेबाहेर असल्याचे लिहिले आहे. त्यामुळे डाक सेवक म्हणून केलेली वर्षे या ३ वर्षांत धरू नका. कंत्राटी, तदर्थ, रोजंदारी आणि ॲप्रेंटिसशिपचा काळही धरला जात नाही.

खडकी, देहूरोड, अंबाझरी, वरणगाव, अंबरनाथ इथल्या आयुध निर्माणींचा प्रश्न वेगळा आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्या कंपन्यांच्या ताब्यात गेल्या, पण तेव्हा सेवेत असलेले कर्मचारी ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर, म्हणजे सरकारी सेवेतूनच तात्पुरते कंपनीकडे दिल्याचे मानून, पाठवले गेले. ही प्रतिनियुक्ती चालू आहे तोवर ते केंद्र सरकारचेच कर्मचारी राहतात. अशांनी वयसवलतीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रात (त्याबद्दल पुढे येईल) हे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण लेटरहेडवर कंपनीचे नाव पाहून पडताळणी करणाऱ्याला शंका येणे साहजिक आहे.

आता किती ते पाहू. इथे गट ब आणि गट क या पदांच्या वर्गांचा हिशेब वेगळा आहे आणि बहुतेकांची चूक इथेच होते. गट ब च्या पदांना मूळ मर्यादेत वर्षे मिळवली जातात: खुल्या प्रवर्गाला ५, ओबीसींना ५ अधिक ३ म्हणजे ८, अनुसूचित जाती-जमातींना ५ अधिक ५ म्हणजे १०. गट क च्या पदांना वर्षे मिळवली जात नाहीत, थेट कमाल वय ठरलेले आहे: खुला ४०, ओबीसी ४३, अनुसूचित जाती-जमाती ४५.

संयुक्त पदवी स्तर परीक्षेत, म्हणजे सीजीएलमध्ये, याचा परिणाम मोठा होतो. खुल्या प्रवर्गातला ३७ वर्षांचा एक कर्मचारी घ्या. सहायक कक्ष अधिकारी हे पद गट ब, मर्यादा ३०. पाच वर्षे मिळवून ३५ होतात, म्हणजे ते पद त्याच्या हातून गेले. आयकर निरीक्षक हे पद मात्र आयोगाच्या यादीत गट क मध्ये आहे, तिथे त्याला ४० पर्यंत वाव आहे. कर सहायकाची मूळ मर्यादा २७ आहे, तरी तेही गट क असल्यामुळे त्याला खुले आहे. म्हणून पदांचा पसंतीक्रम लावण्याआधी जाहिरातीतला तक्ता घेऊन प्रत्येक पदाच्या गटावर पेनाने खूण करा. वेतनस्तरावरून गट ओळखायला जाऊ नका, एकाच स्तरावर दोन्ही गटांची पदे असतात.

प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे धरायचा. राज्यात एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग, म्हणून मिळालेले आरक्षण केंद्रात चालत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहून केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र काढावे. ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला, केंद्रात वयाची सवलत नाही, ते खुल्या प्रवर्गाच्याच रांगेत मोजले जातात.

तारखा दोन असतात आणि त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. वय जाहिरातीतल्या ठरलेल्या तारखेला मोजतात, बहुधा १ जानेवारी किंवा १ ऑगस्ट. ३ वर्षांची सेवा मात्र अर्जाच्या शेवटच्या दिवशी पूर्ण लागते. वयाची तारीख १ ऑगस्ट २०२५ असेल आणि मर्यादा ४० असेल, तर जन्म २ ऑगस्ट १९८५ चा किंवा त्यानंतरचा हवा. १ ऑगस्ट १९८५ चा जन्म असेल तर त्या दिवशी ४० पूर्ण होतात आणि एका दिवसाने संधी हुकते. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात.

अर्जात ‘वयसवलत हवी आहे का’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणून बरोबर कोड निवडावा लागतो. खुला, ओबीसी आणि अनुसूचित जाती-जमाती यांचे कोड वेगळे असतात, आणि गट ब व गट क चेही. दुरुस्तीची मुदत संपल्यावर तो बदलता येत नाही.

मग कागद. आयोगाच्या जाहिरातीच्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा नमुना असतो आणि तो तसाच्या तसा टाइप करून घ्यावा. कार्यालयाच्या नेहमीच्या ‘सेवा दाखल्या’वर भागत नाही. नमुन्यात नाव, पद, वेतनश्रेणी आणि नंतर ‘... या तारखेला ३ वर्षांची नियमित सेवा’ अशी ओळ येते. त्या रिकाम्या जागेत लिपिक सवयीने दाखला देण्याच्या दिवसाची तारीख घालतो. तिथे अर्जाची शेवटची तारीखच हवी. त्याखाली परीक्षेला बसण्यास हरकत नसल्याची ओळ असते. कार्यालयप्रमुखाची सही, नाव, शिक्का आणि तारीख यांतले एकही सुटू देऊ नका. सेवापुस्तक त्याच वेळी उघडून पाहा. विनापरवाना गैरहजेरी ‘डाईज नॉन’, म्हणजे सेवेत न धरलेला काळ, म्हणून नोंदलेली असेल तर सलग सेवेवर प्रश्न येतो, तो आस्थापना शाखेत आधीच निकाली काढा.

अर्ज भरताच कार्यालयप्रमुखांना लेखी कळवा आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. पुढे नियुक्ती मिळाल्यावर ‘तांत्रिक राजीनामा’, म्हणजे दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा, मंजूर व्हायला हीच प्रत लागते. तांत्रिक राजीनाम्यामुळे शिल्लक रजा आणि आधीची सेवा पुढे चालते. वेतन संरक्षणही त्यावरच अवलंबून असते. न कळवता अर्ज केलेल्यांना साधा राजीनामा द्यावा लागतो आणि मागची वर्षे वाया जातात.

अभ्यासासाठी नोकरी सोडण्याचा विचार असेल तर थांबा. आयोगाची अट आहे की सवलत घेणारा उमेदवार नियुक्ती मिळेपर्यंत केंद्राचा नागरी कर्मचारी राहिला पाहिजे. मधेच राजीनामा दिला तर पास होऊनही वय मूळ मर्यादेने मोजले जाईल. रजा घ्या, पण राजीनामा देऊ नका.

एसएससीबाहेर हे आकडे आंधळेपणाने लावू नका. रेल्वे भरती मंडळाच्या तक्त्यात ४०, ४३ आणि ४५ हेच आकडे दिसतात, पण ते रेल्वेतल्याच कर्मचाऱ्यांसाठी असतात. यूपीएससीच्या थेट भरतीत साधारण ५ वर्षे मिळतात, आणि आधीचे काम नव्या पदाच्या उपयोगाचे असल्याचे दाखवावे लागते. नागरी सेवा परीक्षेत मात्र नोकरीत आहात म्हणून एक दिवसही जास्त मिळत नाही, तिथे ३२ ची मर्यादा आणि प्रवर्गाची सवलत एवढेच धरून चाला.