ओरिएंटियरिंगच्या स्पर्धा: लेव्हल कशी निवडायची, नियम कसे पाळायचे आणि रँकिंग पॉइंट्स कसे मिळतात

मॅप आणि कंपास घेऊन ठरलेल्या क्रमाने सगळे कंट्रोल (मॅपवर दाखवलेल्या, जागेवर झेंडा लावलेल्या जागा) शोधायचे आणि कमीत कमी वेळात फिनिश गाठायचं, खेळ एवढाच. पण स्पर्धेत नाव द्यायची वेळ आली की लेव्हल, क्लास, पॉइंट्स सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून ज्या क्रमाने ते लागतं त्याच क्रमाने सांगतो.

आधी लेव्हल बघा

प्रत्येक देशाची उतरंड थोडी वेगळी असते. ब्रिटनमध्ये ए, बी, सी, डी अशा लेव्हल आहेत, डी म्हणजे लोकल इव्हेंट आणि ए म्हणजे सगळ्यात मोठे. सुरुवात लोकलनेच करा, तिथे सोपे कोर्स असतात आणि चुकलात तरी काही बिघडत नाही. देशाच्या वर गेलं की आंतरराष्ट्रीय फेडरेशनचे, म्हणजे आयओएफचे इव्हेंट येतात. ही संस्था १९६१ ची आणि पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९६६ मध्ये फिनलंडला झाली. वर्ल्ड रँकिंग इव्हेंट, खंडांच्या चॅम्पियनशिप, वर्ल्ड कप, वर्ल्ड चॅम्पियनशिप असे हे मोठे टप्पे, त्यातल्या वर्ल्ड रँकिंग इव्हेंटमध्ये साधारण क्लबचा रनरही भाग घेऊ शकतो, बाकी ठिकाणी देशाच्या टीमकडून निवड व्हावी लागते.

मग क्लास आणि फॉरमॅट

क्लास वयावरून ठरतो आणि त्यासाठी वाढदिवसाची तारीख नाही तर वर्ष धरतात, म्हणजे ज्या वर्षी तुम्ही ३५ चे होणार त्या वर्षीच्या १ जानेवारीपासूनच ३५ च्या मास्टर्स क्लासमध्ये धावता येतं. २१ चा क्लास सगळ्यांना खुला असतो आणि तोच सगळ्यात अवघड. फॉरमॅटमध्ये स्प्रिंट म्हणजे गावात किंवा पार्कात, जिंकणाऱ्याला १२ ते १५ मिनिटं लागतील असा. मिडल जंगलात, साधारण अर्ध्या तासाचा आणि बारीक नेव्हिगेशनचा. लाँगमध्ये दम आणि रूट निवडणं दोन्हीची परीक्षा.

नियम, आणि इथे घाई करू नका

माझ्या मते नव्या माणसाची रेस पाय कमी पडल्याने जात नाही, पंच, म्हणजे कंट्रोलला पोचल्याची कार्डावर करायची नोंद, चुकल्याने जाते. प्रत्येक कंट्रोलला एक कोड असतो आणि तो तुमच्या कंट्रोल डिस्क्रिप्शनच्या, म्हणजे कंट्रोल नेमके कुठे आहेत ते सांगणाऱ्या, कागदावर छापलेला असतो. समजा पाचव्या कंट्रोलचा कोड ५२ आहे, तुम्ही दगडापाशी पोचलात, नारिंगी-पांढरा झेंडा दिसला, पण स्टँडवर लिहिलंय ५७. तो दुसऱ्या कोर्सचा कंट्रोल आहे, तुमचा जवळच कुठेतरी असणार. घाईत ५७ पंच केला तरी घाबरू नका, जादा पंच मोजत नाहीत, ५२ शोधून तो पंच करा आणि पुढे चला. पण क्रम मोडला तर मात्र परत जावंच लागतं: ४ राहिला आणि ५, ६ घेतले असतील तर ४ ला परत या, मग पुन्हा ५ आणि ६. एक जरी राहिला तर डिस्क्वालिफाय, तिथे कोणाची दयामाया नाही.

स्टार्टच्या आधी पंच नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड क्लिअर आणि चेक करून घ्या, म्हणजे जुन्या नोंदी पुसून ते रिकामं झालंय ना ते बघा. कंट्रोलला बीप किंवा लाइट आला नाही तर स्टँडला लावलेल्या सुयांच्या पंचाने मॅपवरच्या चौकटीत खूण करा, तोच तुमचा पुरावा. मॅपवर जांभळ्या रेघांनी भरलेल्या भागात जायचं नाही, आणि स्प्रिंटमध्ये जाड काळ्या रेषेची भिंत, ऑलिव्ह हिरवा भाग ओलांडायचा नाही, मग ती भिंत प्रत्यक्षात गुडघ्याएवढी का असेना. फोनवर नकाशा बघणं, दुसऱ्याच्या मागे मागे धावणं चालत नाही. कोणी जखमी दिसला तर रेस सोडून मदत करणं हाही नियम आहे. आणि अर्ध्यात सोडलं तरी फिनिशला जाऊन कळवा, नाहीतर लोक रात्री जंगलात तुम्हाला शोधत बसतील.

आता पॉइंट्स

वर्ल्ड रँकिंगचे पॉइंट्स नुसत्या नंबरवर नाही, त्या दिवशी सोबत कोण धावलं आणि त्यांच्या तुलनेत तुमचा वेळ किती यावर ठरतात. सोपं करून सांगायचं तर, समजा तिथे आलेल्या रँकिंगवाल्या रनर्सचे सरासरी पॉइंट्स १००० आणि त्यांचा पसारा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, १०० आहे. त्यांचा सरासरी वेळ ३५ मिनिटं, पसारा ४ मिनिटं. तुम्ही ३३ मिनिटांत आलात, म्हणजे २ मिनिटं लवकर, २ भागिले ४ म्हणजे अर्धा, अर्धा गुणिले १०० म्हणजे ५०, तर पॉइंट्स १०५०. मोठ्या स्पर्धांना त्यावर थोडं जादा वजन मिळतं. म्हणून कमजोर रनर्समध्ये पहिलं येण्यापेक्षा तगड्या रनर्समध्ये मधे कुठेतरी आलात तरी पॉइंट्स जास्त मिळू शकतात, आणि मिसपंच झालात, म्हणजे एखादा कंट्रोल राहिला किंवा चुकला, तर शून्य.

जंगल आणि स्प्रिंटची रँकिंग वेगवेगळी असते आणि मागच्या १२ महिन्यांतले सर्वोत्तम निकालच धरतात, त्यामुळे एक वाईट रेस झाली म्हणून काही कोसळत नाही. ब्रिटनच्या रँकिंगमध्येही १२ महिन्यांतले सर्वोत्तम ६ स्कोअर मोजतात. वर्ल्ड रँकिंग इव्हेंटला नाव देताना मात्र आयओएफच्या ईव्हेंटर या ऑनलाइन नोंदणीच्या सिस्टीममधला तुमचा आयडी बरोबर भरा, आणि निकाल लागला की लगेच आपलं नाव, क्लास आणि वेळ तपासा. काही चुकलेलं वाटलं तर आधी आयोजकांकडे तक्रार करा, त्यांचा निर्णय पटला नाही तरच ज्युरीकडे प्रोटेस्ट जातो.