पिटुकला पॉसम आणि खडकावरचं लायकेन, तुलना करायची कशी?

सगळ्यात आधी वजन-लांबीचा तक्ता बनवायचा मोह आवरा. ऑस्ट्रेलियातला माउंटन पिग्मी पॉसम, पोटाला पिशवी असलेला, उंदराएवढा, साधारण ४५ ग्रॅमचा. आणि मॅप लायकेन (लायकेन म्हणजे दगडफूल) हा खडकाला घट्ट चिकटलेला जिवंत पिवळट-हिरवा थर, मध्ये मध्ये काळ्या रेघा, अगदी नकाशा काढल्यासारखा. ह्या दोघांचे आकडे शेजारी मांडून हाती काय लागणार?

त्यापेक्षा दोघांना एकच प्रश्न विचारा. माझ्या मते बेस्ट प्रश्न हा: दिवस वाईट आले की तू काय करतोस? कारण दोघंही उंच डोंगरावरच्या दगडांत राहतात आणि दोघंही चक्क जगणं थांबवतात, फक्त थांबायची रीत वेगळी.

पॉसम आधी अंगावर चरबी चढवतो, मग बर्फाखाली दगडांच्या फटीत गोळा होऊन पडतो, मोठे पॉसम तर सात महिन्यांपर्यंत. शरीराचं तापमान २ अंशांच्या आसपास उतरतं. पण ही झोप सलग नसते, अधूनमधून अंग तापवून उठावंच लागतं आणि साठवलेली चरबी मुख्यतः तिथेच जळते. म्हणून वरचा बर्फ हवाच, तो थंडी आत येऊ देत नाही, बर्फ कमी पडला की ह्या जिवाचं गणित बिघडतं.

लायकेनला असलं काही लागत नाही. सुकलं की बंद, ओलं झालं की थोड्याच वेळात परत चालू! २००५ साली हेच मॅप लायकेन दोन आठवडे उघड्या अंतराळात ठेवलं होतं, परत आणल्यावर त्याचं प्रकाशसंश्लेषण सुरू झालं, मला तर हे अजूनही भन्नाट वाटतं. किंमत एकच, वाढ प्रचंड हळू, वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून तर त्याचा व्यास मोजून हिमनदी मागे सरकून तो खडक कधी उघडा पडला ह्याचा अंदाज बांधतात.

आता आयुष्याची तुलना करताना जपून. पॉसमची मादी ११ वर्षांहून जास्त जगू शकते, लायकेन शेकडो वर्षं, पण लायकेन हा एक जीव नाहीच, बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार आहे, तेव्हा तिथे 'वय' कुणाचं धरलंय ते लिहाच.

आणि माहिती कुठून आली तेही लिहा. लायकेन पट्टी घेऊन स्वतः मोजता येतं. पॉसम मात्र १८९५ मध्ये जीवाश्मावरून कळला आणि जिवंत सापडला थेट १९६६ मध्ये, माउंट हॉथमवरच्या एका स्की लॉजमध्ये, त्यामुळे त्याच्यासाठी अभ्यासकांच्या नोंदीच वापरा.